जुन्या यंत्रास नवें वेळापत्रक

आमच्या खिशांतील यंत्र वर्षांतून कांहीं वेळां आम्हांस एक निरोप धाडीत असतें. नवी आवृत्ति तयार आहे, ती आतां घ्यावयाची कीं रात्रीं, एवढाच त्याचा प्रश्न असतो. प्रश्न लहान, परंतु त्याच्या उत्तरावरून आमच्या शिक्षक-दालनांत पंथ पडलेले आहेत. एका पंथाचे लोक निरोप दिसतांच बटण दाबतात आणि दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत नवीं चिन्हें व नवे रंग सर्वांस दाखवीत हिंडतात. दुसऱ्या पंथाचे लोक ‘नंतर’ या शब्दावर बोट ठेवून महिनेच्या महिने काढतात. पालकांचा पंथ या दोहोंहून निराळा. ते पालक-सभा संपतांना फोन पुढें करतात आणि विचारतात, ‘‘सर, हें दाबूं का? दाबल्यावर फोन मंद होतो म्हणतात.’’ भाषा शिकविणें हें आमचें काम. परंतु संगणक-कक्षाची किल्ली आमच्याकडे असते, एवढ्या पुण्याईवर हा प्रश्न आमच्या वांट्यास येतो.

या भीतीस हंसणें सोपें आहे. परंतु ज्या घरांत फोन एकच, आणि त्यावरच वडिलांच्या कामाचे निरोप, आईचे पैशांचे व्यवहार व दोन मुलांचा अभ्यास चालावयाचा, त्या घरांत तो मंदावणें ही हंसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. म्हणून सभेच्या गडबडींत जें उत्तर नीट देतां येत नाहीं, तें येथें जरा विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फोनमधील ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हें मुलांस समजावितांना आम्ही शाळेच्या वेळापत्रकाचें उदाहरण घेतों. शाळेंत खोल्या तितक्याच, शिक्षक तितकेच, तासही तितकेच. परंतु प्रयोगशाळा एकाच वेळीं दोन वर्गांस दिली तर गोंधळ उडतो, आणि कवाइतीचा तास भर दुपारीं ठेवला तर पुढच्या तासास मुलें पेंगतात. जून महिन्यांत वेळापत्रक लावणारा शिक्षक कुशल असेल तर त्याच इमारतींत वर्ष सुखानें जातें. फोनमध्यें प्रोसेसर, मेमरी व बॅटरी यांची जी सामग्री आहे ती ठरलेली. तींतून कोणत्या अ‍ॅपला केव्हां व किती द्यावयाचें, हें ठरविणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. अपडेट आलें म्हणजे यंत्र तेंच राहतें आणि वेळापत्रक नवें लागतें. तें पहिल्याहून चांगलें असेल किंवा वाईटही असेल.

चांगल्याचें एक उदाहरण अँड्रॉइडच्या ५.० या आवृत्तीचें. तिचें नांव लॉलीपॉप, आणि ती २०१४ च्या नोव्हेंबरांत आली. त्या काळीं गूगलची मंडळी आपल्या आवृत्त्यांस मिठायांचीं नांवें देत. २०१९ सालीं दहावी आवृत्ति निघाली तेव्हांपासून जाहीर नांवांतून ही गोडी गेली व नुसता आंकडा उरला. लॉलीपॉपबरोबर फोनच्या पडद्यावर ज्या नव्या भाषा आल्या त्यांत बंगाली, तमिळ, तेलुगु, कन्नड, मल्याळम यांच्याबरोबर मराठीही होती. त्या मराठीस कोठें कोठें भाषांतराचा वास येतो, हें भाषेचे शिक्षक या नात्यानें आम्हांस सांगितलेंच पाहिजे. तरीपण घरांतील आजीस फोनवरची सूचना आपली आपण वाचतां येऊं लागली, यापुढें तो दोष आम्ही पोटांत घालतों.

लॉलीपॉपची खरी करामत मात्र पडद्याआड होती. अँड्रॉइडचीं बहुतेक अ‍ॅप्स अशा एका मधल्या रूपांत फोनवर येतात कीं तें रूप प्रोसेसरला थेट कळत नाहीं; त्याचें प्रोसेसरच्या भाषेंत भाषांतर व्हावें लागतें. पूर्वीं हें काम डाल्विक नांवाच्या दुभाष्याकडे असे. अ‍ॅप उघडलें कीं तो शेजारीं उभा राहून सांगूं लागे. जो भाग पुनःपुनः येई त्याचें भाषांतर तेवढ्यापुरतें हाताशीं ठेवी. अ‍ॅप बंद झालें कीं तेंही गेलें, आणि उद्यां पुन्हां श्रीगणेशा. परभाषेंतील वक्त्याच्या शेजारीं उभें राहून वाक्यावाक्याचें भाषांतर करण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांस यांतील कष्ट ठाऊक आहेत. आमच्यावर तो अनेकदां आलेला आहे. वक्ता थांबतो, दुभाषी बोलतो, श्रोते वाट पाहतात, आणि एका तासाच्या व्याख्यानास दोन तास लागतात. लॉलीपॉपनें डाल्विकला निवृत्त करून त्याच्या जागीं आर्ट नांवाची व्यवस्था आणली. तिची रीत अशी कीं अ‍ॅप फोनवर बसवितांनाच त्याचें भाषांतर करून ठेवावयाचें, म्हणजे उघडतेवेळीं दुभाष्यासाठीं खोळंबावयास नको. प्रोसेसर तोच होता. परंतु एकदां केलेलें काम रोज नव्यानें करण्याचा त्याचा त्रास वांचला, आणि त्याचा त्रास वांचला तेवढी बॅटरीही वांचली.

याची किंमतही पडली. भाषांतराच्या वह्या ठेवण्यास जागा लागूं लागली. अ‍ॅप बसविण्यास वेळ लागूं लागला. अपडेटनंतर फोन पहिल्यानें सुरू होई तेव्हां इतक्यांपैकीं इतकीं अ‍ॅप्स तयार झालीं, अशा अर्थाची एक ओळ पडद्यावर ठाण मांडून बसे. कारण त्या वेळीं सगळ्या वह्या नव्यानें लिहिल्या जात असत. तेव्हां २०१६ च्या ऑगस्टांत निघालेल्या ७.० म्हणजे नोगट या आवृत्तीनें मधला मार्ग काढला. आधीं अ‍ॅप आहे तसेंच बसवावयाचें, मालक त्यांतील कोणते भाग वरचेवर वापरतो हें पाहत राहावयाचें, आणि फोन चार्जिंगला लावून स्वस्थ पडला असतां तेवढ्याच भागांचें पक्कें भाषांतर उरकावयाचें. परीक्षेस नेहमीं येणाऱ्या धड्यांचींच टिपणें तयार ठेवणारा विद्यार्थी आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. परीक्षक म्हणून आम्हांस तो आवडत नाहीं. पण फोनमध्यें त्याचा हिशेब बरोबर ठरला.

या दोहोंच्या मधली, २०१५ ची ६.० आवृत्ति मार्शमॅलो, तिनें फोनला निजावयास शिकविलें. पडदा बंद, चार्जिंग नाहीं व फोन टेबलावर निश्चल, असें कांहीं वेळ राहिलें कीं अ‍ॅप्सना इंटरनेटकडे धांव घेण्यास बंदी. मधून मधून थोडी मुभा मिळे, तेव्हां सर्वांनीं आपापलीं कामें एकदम उरकून घ्यावयाचीं. घंटा होईपर्यंत कोणीं पाणी पिण्यास उठूं नये, हा आमच्या वर्गांतील नियम याच जातीचा आहे.

आतां मंदपणाच्या भीतीकडे वळूं. ती निराधार नाहीं. २०१७ च्या डिसेंबरांत अ‍ॅपल कंपनीस जाहीरपणें मान्य करावें लागलें कीं, बॅटरी जीर्ण झालेल्या आपल्या कांहीं फोनांचा वेग तिनें एका अपडेटद्वारें आंखडला होता. कारण खरें होतें. जुनी बॅटरी एकाएकीं लागणारा मोठा विद्युत्प्रवाह देऊं शकत नाहीं, आणि फोन भर कामांत बंद पडतो. तें टाळण्यासाठीं प्रोसेसरला लगाम घातला होता. परंतु ही गोष्ट मालकांस स्पष्टपणें सांगितली नव्हती. ज्यास बॅटरी बदलून भागलें असतें त्यानें फोन जुना झाला असें समजून नवा विकत घेतला असेल, तर त्याच्या रागास कोण नांवें ठेवील? कंपनीनें क्षमा मागितली, अमेरिकेंत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणला, आणि २०१८ च्या मार्चमध्यें बॅटरीची प्रकृति मालकास पाहतां येईल अशी सोय फोनांत केली. ग्राहकांस माहिती न दिल्याबद्दल फ्रान्समध्यें २०२० सालीं तिला २ कोटि ५० लक्ष युरो दंड झाला.

त्याच कंपनीनें १७ सप्टेंबर २०१८ रोजीं आयओएस १२ ही आवृत्ति काढली, ती जणू या प्रकरणाचें प्रायश्चित्त म्हणून. तींत हालत्या चेहऱ्यांचीं चित्रें वगैरे गमती होत्या, त्या सोडून देऊं. विशेष हा कीं तिचा भर जुन्या फोनांवर होता आणि २०१३ सालच्या आयफोन ५एसलाही ती मिळाली. २०१४ च्या आयफोन ६ प्लसवर अ‍ॅप ४० टक्क्यांपर्यंत, कळफलक ५० टक्क्यांपर्यंत व कॅमेरा ७० टक्क्यांपर्यंत लवकर उघडेल असें कंपनीचें म्हणणें होतें. विद्यार्थ्यांनीं यांतील ‘पर्यंत’ हा शब्द ओलांडून जाऊं नये. जाहिरातींत सर्वांत जड ओझें हा लहानसा शब्द वाहत असतो. पण युक्ति खरी होती. काम आलें असतां प्रोसेसर पूर्वीं हळूहळू वेग वाढवी, आणि तो भरांत येईपर्यंत काम संपलेलेंही असे. नव्या व्यवस्थेंत तो काम दिसतांच एकदम पूर्ण वेग घेई व काम होतांच तितक्याच चपळाईनें खालीं येई. घाटांतील चढावर जाणता चालक गाडी अशीच हांकतो. ५एससाठीं सुरक्षेची एक दुरुस्ती या कंपनीनें २०२३ च्या जानेवारींतही धाडली, म्हणजे तो फोन निघाल्यापासून दहाव्या वर्षीं. दोष दाखविला तेथें हेंही सांगावयास हवें.

अर्थात् हें सारें अपडेट येतें त्यांच्यापुरतें. न येणाऱ्या अपडेटची गोष्ट निराळी, आणि पालकांनीं भ्यावयाचें तें तिला, असें आमचें मत आहे.

आमच्या आठवीच्या वर्गांतील एका मुलीच्या घरीं वडिलांचा जुना फोन होता. कांच शाबूत, आवाज स्वच्छ, बॅटरी दिवसभर पुरे. परंतु तो बनविणाऱ्या कारखानदारानें विक्रीनंतर त्याच्यासाठीं एकही मोठी आवृत्ति धाडली नव्हती, आणि तो लॉलीपॉपच्या अलीकडेच अडकून पडला होता. २०२३ च्या ऑक्टोबरांत, ज्या अ‍ॅपवरून वर्गाचे निरोप जातात, त्यानें ५.० पूर्वींच्या सर्व आवृत्त्यांस रजा दिली. सहामाही परीक्षेचें बदललेलें वेळापत्रक त्या घरीं पोंचलें नाहीं. मुलगी गणिताची तयारी करून आली आणि तिच्यापुढें इतिहासाची प्रश्नपत्रिका आली. दुसऱ्या दिवशीं तिचे वडील शाळेंत आले, ते रागावलेले नव्हते, ओशाळलेले होते. ‘‘सर, फोन चांगला आहे हो, बघा ना तुम्ही,’’ असें म्हणून त्यांनीं तो आमच्या हातीं दिला. फोन खरोखरच चांगला होता. वर्गाचे निरोप आतां फळ्यावरही लिहिले जातात.

असें कां होतें? अँड्रॉइडची नवी आवृत्ति गूगलनें काढली म्हणजे ती सरळ आपल्या हातीं येत नाहीं. फोनमधील चिप बनविणाऱ्यानें आपला भाग तिच्याशीं जुळवावा, मग फोन बनविणाऱ्यानें सर्व पुन्हां तपासावें, असा तिचा प्रवास असतो. आणि विकून झालेल्या स्वस्त फोनासाठीं हे श्रम करण्यांत कोणासच लाभ नसतो. २०१७ च्या ८.० आवृत्तीनें चिपचा भाग व अँड्रॉइडचा भाग यांच्यामध्यें कायमची भिंत घातली, म्हणजे एक बदलला तरी दुसऱ्यास हात लावावयास नको. या योजनेचें नांव ट्रेबल. तिच्यामुळें वाट सोपी झाली, पण चालावयाचें कीं नाहीं हें शेवटीं कारखानदाराच्याच मनावर राहिलें.

तेव्हां सभेंतील प्रश्नाचें आमचें उत्तर असें: होय, दाबावें. सुरक्षेच्या लहान दुरुस्त्या तर विचारीत न बसतां घ्याव्या. फोनच्या कुलपांतील उघड्या पडलेल्या फटी त्या बुजवितात, आणि आईचे पैशांचे व्यवहार त्याच कुलपामागें आहेत. मोठी आवृत्ति असेल तर रात्रीं, चार्जिंग लावून, थोडी जागा मोकळी करून व छायाचित्रांची प्रत दुसरीकडे ठेवून मग घ्यावी. पहिला दिवस-दोन दिवस फोन तापला किंवा अडखळला तर घाबरूं नये. आंत वह्या लिहिणें चालू असतें. फोन फारच जुना व मेमरी तुटपुंजी असेल, तर तोच फोन वापरणाऱ्या कोणास तरी आधीं विचारावें, कारण नव्या सोयी नवी जागा मागतात हेंही खोटें नाहीं.

आणि नवा फोन घेण्याचें ठरलें तर कॅमेऱ्याच्या आंकड्याआधीं एक प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावा, कीं याला अपडेट किती वर्षें मिळणार. गूगलनें २०२३ च्या ऑक्टोबरांत पिक्सेल ८ साठीं, व सॅमसंगनें २०२४ च्या जानेवारींत गॅलेक्सी एस२४ साठीं, सात वर्षांचा शब्द दिला. ते फोन महाग आहेत. स्वस्त फोनांची मुदत बहुधा याहून कमी असते, आणि ती प्रत्येकाची निराळी. सात वर्षें म्हणजे सहावीच्या वर्गांत बसलेलें मूल बारावी होऊन बाहेर पडतें एवढा काळ. दुकानदारास उत्तर देतां आलें नाहीं तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या फोनच्या नांवापुढें मुदत शोधावी; तेथेंही ती लिहिलेली नसेल, तर शेजारचा फोन पाहावयास मागावा.