आपला संघ कुठे राहतो?

मुंबईत कबड्डीच्या संघाला पत्ता असायचा. विजय क्लब म्हटलं की दादर, गोलफादेवी म्हटलं की वरळीचा कोळीवाडा, डॉ. शिरोडकर म्हटलं की परळ. संघ त्या गल्लीत नुसता खेळायचा नाही, तिथे राहायचा. काल रात्री ज्यानं शेवटच्या चढाईत तिघांना झोपवलं, तोच सकाळी बादली घेऊन नळाच्या रांगेत दिसायचा. त्याचा गुडघा सुजलाय का, हे पेपरवाल्यांच्या आधी चाळीतल्या बायकांना कळायचं आणि त्यावरून रविवारच्या अंतिम सामन्याचे अंदाज बांधले जायचे.

आमच्या आठवड्याचा आराखडाच त्यावर बेतलेला. दिवाळी सरली की स्पर्धा सुरू व्हायच्या, त्या थेट मे महिन्यापर्यंत. प्रभादेवी, लोअर परळचं श्रमिक जिमखान्याचं मैदान, वरळीचं जांभोरी मैदान; आणि मैदान नसेल तिथे रस्ता अडवून मंडप. सोमवारच्या पेपरात निकाल यायचे, तेही ठरलेल्या भाषेत: मध्यंतराला निसटती आघाडी, उत्तरार्धात लोण देत सामना फिरवला, अमक्याच्या चौफेर चढाया आणि तमक्याच्या भक्कम पकडी. बातमी जेमतेम दहा ओळींची, पण कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत तेवढ्यावर तास निघायचा. बुधवार-गुरुवारकडे नवी स्पर्धा लागायची. शनिवारी उपांत्य फेरी, रविवारी अंतिम सामना. सोमवारी पुन्हा पेपर.

माती तयार करणं हा वेगळा कार्यक्रम. चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि मग दोरी धरून फक्कीनं रेषा आखायच्या. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. पण गल्लीत रस्ताच अरुंद असला की पंच आणि आयोजक यांच्यात तह व्हायचा आणि प्रेक्षकांचे पाय राखीव भागात यायचे. बांबूच्या गॅलऱ्या, हॅलोजनचे दिवे, भोंग्यावरून न थकता बोलणारा एक निवेदक. त्याला खेळाडूंच्या नावांबरोबर त्यांच्या मामांचीही नावं पाठ. ‘दिवसाचा मानकरी’ ठरलेल्याला रोख पाकीट मिळायचं, ‘सर्वोत्तम चढाई’ आणि ‘सर्वोत्तम पकड’ यांना मिक्सर नाहीतर सायकल. अंतिम सामना मध्यरात्र उलटून संपला तरी कुणाला घाई नसे. पुढे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर भोंगे बंद पडले आणि स्पर्धांची सगळी गणितं संध्याकाळकडे सरकली. झोपणाऱ्यांच्या बाजूनं ते योग्यच झालं, हे मी आज कबूल करतो. तेव्हा करत नव्हतो.

खेळाडू पैसे मिळवायचा तो कचेरीतून. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक, मध्य रेल्वे, मुंबई पोलीस, मुंबई बंदर. यांचे संघ म्हणजे ‘व्यावसायिक गट’. हा व्यवसाय महिन्याच्या पगाराचा होता, लिलावाचा नव्हता. चांगला चढाईपटू महाविद्यालयात असतानाच हेरला जायचा. कीर्ती, रूपारेल, परळचं महर्षी दयानंद यांच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना वर्गातली मुलं कमी आणि कंपन्यांची माणसं जास्त, असाही प्रकार पाहिला आहे. मुलगा पदवीधर होण्याआधी कुठे चिकटणार याच्या पैजा लागायच्या. गिरण्यांच्या काळात गिरण्यांचेही संघ होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले आणि गिरणगावाच्या या सगळ्या खेळघराखालची जमीनच सरकली. मंडळं टिकली, पण वर्गणी देणारे पगार गेले. कचेऱ्यांचे संघ मग आणखी मोलाचे झाले. तेही कायमचे नव्हते. देना बँक तर २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीनच झाली.

आणि मग २६ जुलै २०१४. वरळीच्या एनएससीआयच्या बंदिस्त सभागृहात प्रो कबड्डीचा पहिला सामना: यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. आपल्या संघानं ४५-३१ असा मारला. ज्या खेळाला आम्ही बांबूच्या गॅलरीत बसून पाहिलं, त्याला नारिंगी रोषणाई, वातानुकूलन आणि पहिल्या रांगेत सिनेनट. माझ्यासारख्या जुन्या प्रेक्षकाला हे ओशाळवाणं वाटेल अशी माझी कल्पना होती. छे, अंगावर काटा आला. कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा, बोनस रेषेवर शांतपणे पाय टाकून हसत परतणारा. पण त्याच्या बाजूला आपला रिशांक देवाडिगा होता, विशाल माने होता. ३१ ऑगस्टचा अंतिम सामना जयपूरनं ३५-२४ असा काढला. पुढच्या वर्षी बंगळूरूला ३६-३० असं हरवून यू मुंबानं करंडक आणला.

खेळ बदलला, आणि बराचसा चांगल्यासाठी बदलला. स्मरणरंजन करणाऱ्यांनी एक गोष्ट सोयीस्कर विसरू नये: जुन्या कबड्डीतली शेवटची दहा मिनिटं पुष्कळदा असह्य असायची. चार गुणांची आघाडी मिळाली की संघ वेळ काढायचा. गडी मध्यरेषा ओलांडायचा, निदान रेषेला पाय लावायचा, दम घोटत इकडून तिकडे फिरायचा आणि परत. समोरचाही त्याला हात लावत नसे. तीस सेकंदांची चढाई, दोन फुकट गेल्या तर तिसरीत गुण नाहीतर गडी बाद, आणि बचावात तीन किंवा कमी गडी उरलेले असताना पकड झाली तर दोन गुण; या नियमांनी ते झोपाळलेपण मारून टाकलं. पंचांवरून होणारे राडेही कॅमेऱ्यानं कमी केले. आमच्या वेळी स्पर्श झाला की नाही हे गल्ली कुणाची यावर ठरायचं. अर्ध्यावर संघ मैदान सोडून गेल्याचे सामने मी पाहिलेत, त्यात आमचंही मंडळ होतं.

पैशाबद्दल तर बोलायलाच नको. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला १२ लाख ८० हजार मिळाले होते. २०१८ च्या लिलावात रिशांकवर यूपी योद्धानं १ कोटी ११ लाख लावले. त्याआधीच्या मोसमात त्यानं जयपूरविरुद्ध एका सामन्यात २८ गुण घेतले होते, आणि २०१८ च्याच जानेवारीत महाराष्ट्राचा कर्णधार म्हणून हैदराबादला राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकून आणलं होतं. कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडे आला तो ३६ लाखांना. पुढच्या मोसमात तेलुगू टायटन्सनं त्याला १ कोटी ४५ लाखांना नेलं. ज्यांचे गुडघे मातीत गेले आणि हाती एक कपबशीचा सेट आला, त्या माणसांना आठवून मी हे आकडे वाचतो. मला हे पैसे कधीच जास्त वाटत नाहीत.

खटकतं ते वेगळंच. यू मुंबा राहतो कुठे?

फिरत्या सर्कशीसारखी लीग शहराशहरांत जायची तोवर निदान काही रात्री वरळीत मिळायच्या. करोनानंतरचा २०२१-२२ चा अख्खा मोसम बंगळूरूत प्रेक्षकांविना झाला, ते समजण्यासारखं होतं. दहाव्या मोसमात लीग पुन्हा बारा शहरांत फिरली आणि जानेवारी २०२४ मध्ये मुंबईलाही आली. त्यानंतर २०२४ चे सामने हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात. २०२५ चे विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. मुंबईचा संघ आणि मुंबईत एक सामना नाही. त्या वर्षी पुण्याच्या संघाला पुणेही नाही. पुणेरी पलटणनं १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं नमवून पहिल्यांदा करंडक घेतला तोही हैदराबादेत. अस्लम इनामदार, पंकज मोहिते, आकाश शिंदे, सगळी आपल्याच मातीतली पोरं, आणि त्यांचा सर्वांत मोठा विजय त्यांच्या गावच्या लोकांनी दूरदर्शन संचावर पाहिला.

परक्या खेळाडूंबद्दल माझी तक्रार नाही. इराणच्या फझल अत्राचलीनं डाव्या कोपऱ्यातून घोट्याची पकड कशी करायची हे मुंबईच्या पोरांना इतकं शिकवलंय की आता शाळेच्या सामन्यातही ‘फझलसारखा बस’ असं ओरडलेलं ऐकू येतं. हा माणूस सात समुद्रांपलीकडून आला आणि आपला झाला, कारण तो आपल्यासमोर खेळला. यू मुंबाकडून खेळलेला इराणचाच झफरदानिशही तसाच होईल. पण त्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा वरळीला यावं लागेल.

खटकणारी दुसरी गोष्ट मोठी आहे. त्या गल्लीतल्या स्पर्धांत महिलांचे सामने हा भरणा नव्हता. शिवशक्ती विरुद्ध डॉ. शिरोडकर अशी लढत असली की पुरुषांच्या अंतिम सामन्याइतकी गर्दी लोटायची. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारतानं इराणला २५-१९ असं हरवून जिंकला. त्या संघात अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ या महाराष्ट्राच्या तिघी होत्या, आणि राज्य सरकारनं त्यांना प्रत्येकी एक कोटी दिले. प्रो कबड्डीवाल्यांनी २०१६ मध्ये महिलांचे तीन संघ उभे करून एक छोटी स्पर्धा घेतली. अंतिम सामना २४-२३ असा सुटला. यापेक्षा चांगली जाहिरात काय हवी होती? पुढच्या वर्षी ती स्पर्धाच नव्हती. लोअर परळची सोनाली शिंगटे महर्षी दयानंदमध्ये शिकताना खेळू लागली, शिवशक्तीत घडली, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक विजेत्या संघात होती. म्हणजे महाविद्यालय, मंडळ, देश, ही जुनी शिडी तिनं नीट चढली. त्या शिडीवर पुरुषांसाठी आज आणखी एक सोन्याची पायरी आहे, तिच्यासाठी नाही. या एका बाबतीत आमची गल्ली आजच्या झगमगाटापेक्षा पुढे होती, आणि हे मी आठवणींच्या नशेत बोलत नाही.

स्थानिक स्पर्धा अजून होतात. मॅट आली, मंडप लहान झाला, समोरच्या चाळीच्या जागी मनोरा उभा राहिला आणि त्याच्या रहिवासी संघटनेची तक्रार आयोजकांच्या खिशातच असते. मंडळाचे निम्मे खेळाडू विरारहून, बदलापूरहून येतात, कारण पुनर्विकासात घरं गेली ती तिकडे. संघाचं नाव तेवढं जुन्या गल्लीचं राहिलं. मीही असाच लांबून गाडीनं येणारा. १५ जुलैला कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जयंतीचा कबड्डी दिन झाला की आमच्या गटावर मोसमाच्या गप्पा सुरू होतात: कोणी कुठला मंडळबदल केला, कोणाची बँकेत निवड झाली, यंदा लिलावात आपल्यातला कोण.

लीगचं नवं वेळापत्रक आलं की मी तारखा आणि प्रतिस्पर्धी नंतर बघतो, आधी शहरांची नावं वाचतो. मुंबई दिसली नाही तर दोन शिव्या घालतो आणि रात्री आठला टीव्ही लावतो. रविवारी मात्र प्रभादेवीला जातो. तिकीट लागत नाही, फक्त सहाच्या आत पोचून खुर्ची धरावी लागते.