काटा

आमच्या घरी १९९८ सालची बुलेट आहे. हे ऐकून वर्गमित्रांच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते त्याचा आमच्या गाडीशी काही संबंध नाही. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवायच्या लोखंडी कड्या, टाकीला पोचे, सीटवर खताच्या पोत्याचे आवरण. २००९ साली आबांनी ती एका निवृत्त सुभेदारांकडून घेतली. तेव्हापासून रोज पहाटे वस्तीवरचे चाळीस लिटर दूध तिच्यावरून सात किलोमीटरवरच्या संकलन केंद्रावर जाते. माझी कॉलेजची फी त्याच दुधातून येते. आबांना सही करता येते, वाचता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात गाडी पहाटे चालू होईना. आठ-दहा किका मारून आबांचा गुडघा सुजू लागला. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच; तेव्हा हा प्रश्न आपणच सोडवायचा असे मी ठरवले. मोबाईलवर दोन रात्री वाचून निदान केले, की कॉईल जुनी झाली आहे, ठिणगी दुबळी पडते. 'कमवा व शिका'च्या पैशांतून साताऱ्याहून जोरदार ठिणगीची नवी कॉईल आणली. ती इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांसाठी आहे, हे खोक्यावर छापले होते. मी ते वाचलेही होते. पण 'इलेक्ट्रॉनिक' म्हणजे सुधारलेले, एवढाच अर्थ मी घेतला.

दोन दिवस गाडी अर्ध्या किकेत सुरू! आबा वस्तीभर सांगत सुटले, "पोरानं गाडी नीट केली." तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या चढावर इंजिन फटफट करून गप्प झाले. वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप सुरूही झाले, पण तोवर केंद्राची वेळ टळली होती. दूध परत आले. आईने दिवसभर चुलीपुढे बसून त्याचा खवा आटवला. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

मग माझे संशोधन सुरू झाले. जुन्या बुलेटला पॉइंट असतात. बॅटरीची धारा कॉईलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून आणि पुढे मिटलेल्या पॉइंटमधून बॉडीत उतरते. पॉइंट उघडले की ती एकदम तुटते आणि त्याच क्षणी कॉईलमधल्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट उठतात. तीच प्लगची ठिणगी. झाकण काढून पाहिले तर पॉइंट निळे-काळे पडलेले, वर बारीक खड्डे. कंडेन्सर गेला असेल म्हणून तो बदलला. पॉइंट पॉलिश पेपरने घासले, फिलर गेजने ०.३५ मिलिमीटर अंतर ठेवले. प्लगही नवा टाकला. दर वेळी एखादा दिवस गाडी चाले, की पुन्हा तेच.

चौथ्या खेपेला आबा म्हणाले, "काटा लई पडतुया."

बुलेटच्या हेडलाइटवर अँपिअर मीटर असतो. आबा त्याच्या काट्यावर नजर ठेवून किक मारतात. किक हळू दाबत न्यायची. पॉइंट मिटलेले असले की काटा उणेकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. मध्यावर आला की डीकॉम्प्रेशनचा खटका ओढून जरा पुढे सरकवायचे, खटका सोडायचा आणि मग पूर्ण जोराने लाथ. इतकी वर्षे रोज तो काटा पाहणाऱ्याला तो कुठवर पडतो हे पाठच झालेले.

"आधी निम्म्याच्या अलीकडं ऱ्हायचा. आता पार टोकाला टेकतुया. आन् ह्या कॉईलला हात लाव."

हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"आबा, हे आधी का नाही सांगितलं?"

"तू शिकल्याला. म्या म्हनलं, नव्या कॉईलचं आसंच आसंल."

त्या रात्री मला जेवण गेले नाही.

सकाळी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून मीटर मागून आणला. नुसत्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.४ ओहम दाखवी. तेवढे वजा केले. जुन्या कॉईलचा रोध ४, नवीचा १.२. बारा व्होल्टला भागले तर जुनीतून ३ अँपिअर आणि नवीतून १०! तारा-जोडांतली घट धरूनही काटा टोकाला का टेकतो ते कळले. इलेक्ट्रॉनिक इग्निशन धारा किती वेळ वाहू द्यायची ते स्वतः ठरवते. बिचारे पॉइंट नुसते जळतात. हा भागाकार मी नववीत दोन गुणांसाठी पाठ केला होता.

जुनी कॉईल परत बसवली. साहजिकच जुने दुखणेही परत आले. पण आता अंदाज नको होता. चावी चालू, पॉइंट मिटलेले, आणि मीटर घेऊन बॅटरीपासून जोडामागून जोड तपासत निघालो. बॅटरीवर १२.३ व्होल्ट, कॉईलवर मात्र चावी हलवावी तसे कधी अकरा, कधी नऊ. चावीच्या स्विचमध्येच गंज बसला होता. स्विच खोलून साफ केला. हल्ली गाडी दुसऱ्या किकेत सुरू होते. नवी कॉईल माझ्या पुस्तकांच्या फळीवर पडून आहे.

"ह्यो ओहम कोन?" आबांनी नंतर विचारले.

जर्मनीतला मास्तर, मी सांगितले. १८२७ साली त्याने हा नियम छापला. बाप कुलपे बनवायचा. त्यानेच पोरांना घरी शिकवले.

"कुलपं?" आबा किकवर पाय ठेवत म्हणाले. "मंग त्येनं आदी चावीच बगितली आसती."