चावी टेबलावर

पोस्ट लांब आहे. गाडीवाले असाल तर वाचाच. नसाल तरी वाचा, कारण रोज आमच्या गाड्यांच्या शेजारून तुम्हीच जाता.

माझी एक टाटा ४०७ आहे. २०१०ची, एमएच ०४ नंबरची, पॉवर स्टेअरिंग नसलेली. वालीवला माल भरायचा आणि चिंचोटी-कामणमार्गे भिवंडी गाठायची, हा तिचा रोजचा फेरा. २०२४च्या पावसाळ्यात तो रस्ता कसा होता हे वसईकरांना सांगायला नको. खड्ड्यांवर मीच इथे तीन-चार पोस्टी टाकल्या होत्या, फोटोसकट. लाईक भरपूर आले.

त्याच दिवसांत ड्रायव्हर दोनदा म्हणाला, "शेठ, स्टेअरिंगचा प्ले वाढलाय." पहिल्यांदा मी म्हटलं, बघू. दुसऱ्यांदा हायवेलगतच्या एका गॅरेजमध्ये बॉक्सचा स्क्रू आवळून घेतला. दहा मिनिटांचं काम. माझ्या लेखी विषय संपला.

ऑगस्टमध्ये कामणच्या अलीकडे त्याने खड्डा चुकवायला स्टेअरिंग फिरवलं. गाडीने आधी ऐकलंच नाही, आणि ऐकलं तेव्हा जास्तच वळली. डाव्या बाजूला स्कूटीवर एक बाई, मागे शाळेतला मुलगा. हौद्याची कडी मुलाच्या दप्तराला घासून गेली. दप्तराचा पट्टा तुटला, पडलं कोणी नाही. बाई एक शब्द बोलली नाही, नुसती बघत राहिली, असं ड्रायव्हर सांगतो. संध्याकाळी त्याने चावी माझ्या टेबलावर ठेवली. "आधी स्टेअरिंग, मग भाडं."

गोखिवऱ्याला एक जुने मिस्त्री आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. चाकं सरळ, गाडी जमिनीवरच. स्टेअरिंगवर खडूने खूण केली आणि मला हळूहळू फिरवायला सांगितलं. घड्याळात बारावरून दीडच्याही पुढे जाईपर्यंत पुढची चाकं जागची हलली नाहीत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८वा नियम सांगतो की हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नको. म्हणजे बारा ते एक. स्टेअरिंगच्या जोडांमधल्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात, नटबोल्ट सुटणार नाहीत असे लॉक केलेले हवेत, हेही त्याच नियमात आहे. इतका साधा नियम! खडू आणि दोन माणसं असली की तपासून होतं. आणि माझी गाडी त्याच वर्षी पासिंग होऊन आली होती. कुठून आणि कशी, ते लिहीत नाही. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी पासिंग लागतं. त्या दिवसापुरती गाडी धुवायची, रिफ्लेक्टर पट्ट्या लावायच्या. मीही तेच केलं होतं.

मग मिस्त्री गाडीखाली आडवे झाले. मी वर स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहिलो. हालचाल कुठे पोहोचते आणि कुठे हरवते, एवढंच ते बघत होते. पहिली चोरी बॉक्सपाशीच सापडली. बॉक्सच्या आतमध्ये नाही, बॉक्स चेसीला धरणारा एक बोल्ट ढिला, त्यामुळे अख्खा बॉक्सच हलत होता. पुढे ड्रॅग लिंकच्या बॉल जॉइंटची टोपी फाटलेली, आत ग्रीसऐवजी चिखल. मग जॅक लावून डावं चाक वर-खाली धरून हलवलं, तर तेही खडखडलं. "ब्रेक दाबा," ते म्हणाले. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली असती तर दोष बेअरिंगचा. थांबली नाही, म्हणजे किंगपिनचे बूश गेलेले.

कुठलाच दोष एकटा मोठा नव्हता. इथे दोन बोटं, तिथे एक बोट, आणि सगळे मिळून स्टेअरिंगवर वीतभर.

आणि मी आवळून घेतलेला तो स्क्रू? त्याने प्ले गेला नव्हताच, उलट बॉक्स मध्यावर जड झाला होता आणि वळणानंतर स्टेअरिंग आपसूक परत येईना. ड्रायव्हर तेही सांगत होता. मी ऐकलं होतं ते "गाडी जड चालते" एवढंच, आणि मनात म्हटलं होतं, कामाचा कंटाळा.

बूश बदलून रीमर मारला, ड्रॅग लिंकचे दोन्ही एंड नवे घातले, बोल्ट आवळला, स्क्रू पुन्हा बेताचा केला, शेवटी अलाइनमेंट. दोन दिवस गाडी उभी, खर्च नऊ हजारांच्या आसपास. खड्ड्यांवर पोस्ट टाकायला काही लागलं नव्हतं. खड्डे खरे होते, आजही ते शब्द मागे घेत नाही. टोप्या फाडायला, बूश खायला त्या रस्त्याचा हातभार होताच. पण फाटलेल्या टोपीचा फोटो मी टाकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी शेजारी बसून गेलो. चिंचोटीपर्यंत गाडी नागमोडीच चालली. मी घाबरून विचारलं, आता काय राहिलं? ड्रायव्हर हसला. "गाडी नीट आहे, शेठ. माझ्या हाताला जुनी सवय लागलीय, जास्तच फिरवतोय." कामण फाट्यापुढे त्याचे हात जरा शांत झाले.