गॅब्रिएल खालच्या ओळीत का?

पंढरपूर,
मार्गशीर्ष

चि. सोनू,


तुझ्या लेकीला शाळेतल्या नाताळच्या नाटकात गॅब्रिएल व्हायचंय. ‘आजोबा, हा त्यांचा नारद का?’ असं तिनं फोनवर विचारलं आणि मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो. ते उत्तर अपुरं होतं. तिला हे पत्र वाचून दाखव.

गॅब्रिएल हा देवदूत. देवदूताला हिब्रूत मलाख म्हणतात, ग्रीकमध्ये अंगेलोस. दोन्हींचा अर्थ निरोप्या. पंख, तेज हे सगळं नंतरचं. बायबलात अब्राहमाच्या तंबूशी आले ते साध्या वाटसरूंसारखे, झाडाखाली बसून जेवलेसुद्धा. त्यांची नावं कोणी सांगत नाही. गॅब्रिएल आणि मिखाएल ही नावं पुढे दानिएलाच्या पुस्तकात येतात. राफाएल तोबिताच्या पुस्तकातला. ते पुस्तक कॅथलिकांच्या बायबलात आहे, प्रॉटेस्टंटांच्या नाही.

या दूतांची उतरंड लावली ती इ. स. 500च्या सुमारास एका ग्रीक लेखकानं. पौलाचा शिष्य दियोनिसियस याचं नाव त्यानं घेतलं होतं. बायबलात विखुरलेली नावं गोळा करून त्यानं नऊ गण मांडले, तिनाच्या तीन ओळी. सर्वांत वर सेराफीम. यशया संदेष्ट्याला ते दिसले तेव्हा प्रत्येकाला सहा पंख होते: दोन तोंड झाकायला, दोन पाय झाकायला, आणि उडायला उरले दोनच. देवाच्या सर्वांत जवळचा जो, तोच तोंड झाकून उभा. मला हे चित्र फार मोठं वाटतं. त्यांच्या खालचे करूबीम. यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेल्या करूबांना चार तोंडं: माणूस, सिंह, बैल, गरुड. नाताळच्या कार्डावरची गुबगुबीत बाळं चित्रकारांची. मधल्या ओळीत सत्ता आणि सामर्थ्य यांचे गण. आणि आपला गॅब्रिएल? तो महादूत, म्हणजे वरून आठवा! त्याच्या खाली फक्त साधे दूत.

तिला हे खटकेल. पण वरचे देवापाशीच असतात. माणसांत उतरायचं काम खालच्यांचं. वारीत समाजआरतीला चोपदार दंड उंचावतात आणि एवढा जनसागर क्षणात गप्प होतो, ते तू लहानपणी माझ्या खांद्यावरून पाहिलंस. चोपदार पालखीत बसत नाहीत, वारकऱ्यांत उभे असतात. गॅब्रिएल मला तसा दिसतो.

ही उतरंड मानलीच पाहिजे असं चर्चनं कधी ठरवलं नाही. 1215च्या लॅटरन परिषदेनं एवढंच सांगितलं की दूतांनाही देवानंच शून्यातून घडवलं, आणि सैतानसुद्धा मुळात चांगलाच होता, बिघडला तो आपल्या करणीनं.

ही बिघडण्याची कथा आपल्या ओवीत आहे, सोनू! तू स्विंडनला राहतेस ना, त्याच विल्टशरचा थॉमस स्टीफन्स हा जेझुइट 1579 साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते 1616 साली छापलं गेलं, रोमन लिपीत. दहा हजारांहून जास्त ओव्या. लूसिफरचं बंड आणि पतन त्याच्या पहिल्या पुराणात आहे, आणि स्वर्गाला त्यानं वैकुंठ म्हटलंय. पोर्तुगीजांनी देवळं पाडली होती, जुन्या पोथ्या वाचायला बंदी होती. ती जागा भरायला हे पुराण आलं. ते दुःख मी विसरत नाही. तरी पंढरपूरच्या माणसाला ती ओवी परकी वाटत नाही, कान लगेच ओळखतो. ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी हस्तलिखित प्रत लंडनला सोआसच्या ग्रंथालयात आहे. सुट्टीत लेकीला घेऊन जा, दाखवतात का विचार.

नाटकाचं एकच सांगतो. गॅब्रिएल मरियेकडे येतो तेव्हा आधी तिची भीती घालवतो, निरोप त्यानंतर. म्हणून तिला म्हणावं, आल्या आल्या बोलू नकोस, क्षणभर मरियेकडे बघ. झग्यासाठी माझं पांढरं उपरणं पाठवतोय. काठ उसवायचा नाही, दुमडून घे.

तुझा
मामा