भिलाईची खुर्ची, पॅरिसचा भाव

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगढ, राजनांदगाव मागे टाकत चार-पाच तासांत दुर्गला पोहोचते. दुर्गला लागूनच भिलाई. रात्री उतरलात, तर शहराच्या दिव्यांआधी कारखान्यावरचं तांबूस आकाश दिसतं.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि इथल्या माळावर पोलाद कारखान्याची तयारी सुरू झाली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. दल्ली-राजहराच्या खाणींतलं लोखंड इथे येतं आणि रेल्वेचे रूळ होऊन देशभर जातं. कारखान्याबरोबर आखीव सेक्टर वसले, झाडांच्या रांगा लागल्या, एकसारखे क्वार्टर उभे राहिले. विदर्भातली कितीतरी मराठी कुटुंबं इथे आली आणि इथलीच झाली.

माझी मावशी त्यांपैकीच एक. काका निवृत्त झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली, म्हणून मी मदतीला गेले होते. अंगणात सामानाचे दोन ढीग होते : एक न्यायचा, दुसरा भंगारवाल्याचा. दुसऱ्या ढिगात लोखंडी पाइपच्या, प्लास्टिकच्या वेताने विणलेल्या सहा खुर्च्या होत्या.

‘‘अगं, या कशाला काढतेस?’’ मी विचारलं.

‘‘नव्या फ्लॅटमध्ये सोफासेट येणार. या जुनाट खुर्च्या कुठे ठेवू?’’ मावशी म्हणाली.

मला हसू आलं. कारण त्याच दिवसांत मी संग्राहकांच्या फर्निचरवर लेख लिहिण्यासाठी माहिती जमवत होते.

गवताचं आसन, ओठांचा सोफा

अमेरिकेतल्या मायामी शहरात २००५ पासून डिझाइनचा मोठा मेळा भरतो. आपल्या मुंबईतही नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘डिझाइन मुंबई’ भरलं. मायामीसारख्या मेळ्यांत कलादालनं खुर्च्या-टेबलं चित्रांसारखी मांडतात. त्यांत मान असतो तो इटलीतल्या बंडखोर डिझाइनरांच्या वस्तूंना. १९६६ च्या सुमारास फ्लॉरेन्समधल्या तरुण वास्तुविशारदांनी विचारलं, खुर्ची सभ्य आणि गंभीरच का असावी? मग १९७० मध्ये लाल ओठांच्या आकाराचा सोफा आला. १९७१ मध्ये फोमच्या उंच हिरव्या गवतपात्यांचं आसन आलं. त्यात चक्क लोळायचं! १९८१ मध्ये एत्तोरे सोत्सास यांच्या ‘मेम्फिस’ गटाने तर स्वयंपाकघरातल्या ओट्याला किंवा चहाच्या दुकानातल्या टेबलाला शोभेल असं लॅमिनेट, म्हणजे आपलं सनमायका, दिवाणखान्यातल्या महागड्या कपाटांवर चढवलं. तेव्हा लोक हसले. आज संग्रहालयं त्या वस्तू जपतात.

चंदीगढचा धडा

पण मला मावशीच्या अंगणात आठवलं ते चंदीगढ. भिलाईसारखंच तेही १९५० च्या दशकात नव्याने वसलेलं शहर. ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिअर जानरे यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या साध्या, मजबूत खुर्च्या घडवल्या. त्यांचे पाय उलट्या ‘व्ही’सारखे. पुढे त्या मोडल्या, गच्चीवर ढीग लागले आणि सरकारी लिलावांत भंगाराच्या भावाने गेल्या. पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि परदेशी लिलावांत त्या लाखो रुपयांना विकल्या गेल्या. आपल्या १९७२ च्या कायद्यात अशी वस्तू पुरावस्तू ठरायला शंभर वर्षं लागतात, त्यामुळे त्या कायद्याचा आधार नव्हता. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या फर्निचरच्या विक्रीला मनाई केली, तोवर बरंच काही निघून गेलं होतं.

गंमत म्हणजे, खुर्चीच्या पाठीवर कारकुनाने रंगवलेलं खात्याचं नाव आणि क्रमांक याच गोष्टींना आज संग्राहक महत्त्व देतात. खुर्ची कुठली, हे त्यावरून कळतं.

हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग आपल्यावरही नंबर आहे की!’’ तिने खुर्ची उलटी केली. खाली पिवळ्या ऑइलपेंटने सेक्टर, क्वार्टर नंबर आणि आडनाव लिहिलं होतं. गणपतीच्या मांडवात खुर्च्या जात, त्या परत याव्यात म्हणून तिच्या सासऱ्यांनी ते रंगवलं होतं. सुपेला बाजारातून पाइप आणून, ओळखीच्या वेल्डरकडून त्यांनीच त्या करून घेतल्या होत्या. पहिली वीण सासूबाईंची.

या खुर्च्यांना पॅरिसमध्ये कुणी विचारणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण ही हकिगत तिच्या मुलांनाही ठाऊक नव्हती. काट्यावर गेली असती, तर वजनाबरोबर तीही संपली असती.

तुमच्याकडेही घर बदलताना असा ढीग निघेल. सगळंच ठेवता येत नाही, हे खरं. पण देण्याआधी वस्तू उलटी करून बघा, कुणी केली ते घरातल्या मोठ्यांना विचारा आणि वहीत दोन ओळी लिहून ठेवा.

भंगारवाला आला. त्याने चार खुर्च्या नेल्या. दोन खुर्च्या मावशीने टेम्पोत सोफ्याच्याही आधी चढवल्या.