गुडघ्याची वाटी

गुडघ्यावरील हाडाला आपल्या भाषेने ‘वाटी’ असे घरगुती नाव दिले आहे. भाषांतर करताना तो शब्द मी अनेकदा लिहिला. कळला मात्र गेल्या पावसाळ्यात, आई जिन्यावर घसरली तेव्हा. डॉक्टरांनी पाय सरळ उचलावयास सांगितले. तिला तो तसूभरही उचलवेना. मांडीचा स्नायू वाटीमार्फतच नडगीला ओढतो. वाटी आडवी फुटली की तोच स्नायू वरचा तुकडा वर खेचून नेतो.

१८७७ साली लंडन येथे लिस्टर यांनी गुडघा उघडून असे तुकडे चांदीच्या तारेने सांधले, तेव्हा ते मोठेच धाडस ठरले होते. आईच्या गुडघ्यावर मात्र बोटाच्या पेराहूनही लहान असे चारच छेद होते. एवढ्याशा वाटेने हाड कसे जुळणार, या शंकेने मला आदल्या रात्री झोप नव्हती. एका छेदातून दुर्बीण आत गेली. पडद्यावर पाहत शल्यविशारदांनी तुकडे जुळविले आणि पोकळ स्क्रूंतून तार ओवून ते आवळले. वाटीचा चुरा झाला असता, तर बहुधा गुडघा उघडावाच लागला असता.

आता आई जिना चढते. मांडी घालणे अजून जमत नाही. पानापासून इतके उंच, खुर्चीवर बसून जेवण गोड लागत नाही, अशी तिची रोजची तक्रार आहे.