लव्हाळ्याची गाठ

वसईत उपवासकाळ येतो तो वाडीच्या कामांच्या ऐन गर्दीत. राखेचा बुधवार फेब्रुवारीत नाहीतर मार्चच्या सुरुवातीला पडतो. थंडी सरत आलेली असते, पण पहाटे केळीच्या पानांवरून दव अजून टपकत असते. सकाळच्या मिस्साहून परतलेली माणसे कपाळावर राखेचा क्रूस घेऊनच वाडीत उतरतात. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून ही राख केलेली असते, म्हणजे ती आमच्याच माडांची. तू माती आहेस आणि मातीला मिळणार आहेस, याची आठवण धर्मगुरू कपाळाला बोट लावताना देतात. ऊन चढेपर्यंत ती राख घामाबरोबर ओघळून वाडीत पडलेली असते.

रेल्वेरुळांच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूने नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव अशी गावे लागतात. वस्ती दाट होत चालली तरी तिथे अजून वाड्या आहेत. राजेळी केळी, पानवेली, जास्वंद, मोगरा, मध्ये पाण्याचे पाट आणि घरापुढच्या अंगणात चुना दिलेला छोटा क्रूस. संध्याकाळी दर्याचा वारा सुटला की केळीची फाटकी पाने सळसळतात आणि तेवढ्यात देवळाची घंटा होते. या दिवसांत शुक्रवारी माणसे क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जातात, तेव्हा कित्येकांच्या नखांत वाडीची माती असते. ती माती मला पवित्र वाटते. गुडघे टेकण्याची सवय त्यांना देवळाआधी वाडीने लावलेली असते, कारण खुरपणी उभ्याने होत नाही.

बायबलमधली पापाची पहिली गोष्ट बागेतच घडते. राखण्यासाठी आणि मशागतीसाठी सोपवलेली बाग आदाम गमावतो आणि त्यानंतर जमीन त्याला काटे-कुसळे देऊ लागते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी हीच कथा ओवीत बांधली. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. ते ऐकणारी माणसे माड-पोफळीत राबणारी होती. काटे-कुसळे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नसणार.

आमच्या वाडीतले कुसळ म्हणजे लव्हाळा. जगातील सर्वांत त्रासदायक तणांची यादी करताना तणशास्त्रज्ञ त्याला पहिल्या क्रमांकावर ठेवतात, आणि वाडीवाल्याला त्यासाठी शास्त्रज्ञाच्या साक्षीची गरज नाही. वर दिसतात ती चकचकीत हिरवी पाती, टोकाला तपकिरी तुरा. दिसायला नाजूक. पण प्रत्येक पात्याखाली एक गाठ असते, त्या गाठीतून दोऱ्यासारखे मूळ निघते, पुढे दुसरी गाठ, मग तिसरी. जमिनीखाली सगळ्या वाफ्याला ही साखळी वेढून असते. विळ्याने वरची पाती कापली की अंगण लगेच स्वच्छ दिसते. आठवडा जात नाही तोच पाती पुन्हा वर येतात. कुदळीने वरवर खणले तर त्याहून वाईट. साखळी अखंड असते तोवर पुढची गाठ मागच्या गाठींना दाबून ठेवते, त्या निजलेल्या राहतात. साखळी तुटली की तुटलेली प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे जागी होते आणि आपले पाते वर काढते. रागाच्या भरात केलेली खणाई म्हणजे लव्हाळ्याची लागवडच.

पापाविषयी मी जे वाचले आणि ऐकले, त्यातले पुष्कळसे मला या गाठीपाशी येऊन कळले. आपण ज्याला पाप म्हणतो ते बहुधा वरचे पाते असते. खोटे बोललो, रागावलो, कुणाचे तरी लाटले, कुणाला हिणवले. प्रायश्चित्त संस्काराला जाताना आपण ही पाती मोजून नेतो. ती न्यावीतच, त्याशिवाय सुरुवात होत नाही. पण हिणवणाऱ्या शब्दाच्या खाली हेवा असतो, हेव्याखाली आपल्याला कमी मिळाल्याची जुनी तक्रार असते, आणि तिच्याही खाली देव आपल्याला विसरला असावा ही भीती. ही शेवटची गाठ दुष्टपणाची नाही, अविश्वासाची आहे. एदेनमध्ये सर्पाने हव्वेच्या मनात आधी हीच गाठ लावली. देव तुझ्यापासून काहीतरी राखून ठेवतो आहे, असे तिला वाटले आणि मग हात फळाकडे गेला. फळ नंतरचे.

याच लव्हाळ्याची गाठ हातात चोळली तर तिला सुगंध येतो. वैद्य तिला मोथा म्हणतात आणि औषधात वापरतात. तुकोबांनी तर महापुरात मोठमोठी झाडे वाहून जात असताना तगून राहणारा लव्हाळा नम्रतेचा दाखला म्हणून मांडला. मला यात विरोध दिसत नाही. देवाने निर्माण केलेले काहीही मुळात वाईट नाही आणि वाईट म्हणजे चांगल्याची उणीव, हे संत ऑगस्टिन यांनी फार पूर्वी सांगितले. हेवा ही वाकडी वाढलेली प्रीतीच असते. लोभाच्या मुळाशी मुलांबाळांची काळजी असते. म्हणून तर पाप ओळखणे इतके कठीण जाते. त्याला वास चांगला येतो.

वाडी बिघडायला फार काही करावे लागत नाही, एवढे मात्र वाडीत राहणारा प्रत्येकजण जाणतो. दोन पावसाळे हात लावू नका, पुरे आहे. मिस्साच्या आरंभी आम्ही जी कबुली देतो तिच्यात केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली असते. लहानपणी मला ती भरतीची वाटे. आता वसईची बावखले पाहताना ती सर्वांत जड वाटते. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी तिथे साठते, मुरते, त्यावर विहिरी गोड राहतात आणि समुद्राचे खारे पाणी लांब थोपते. यातली कितीतरी बावखले बुजली. आधी काठावर झावळ्यांचा कचरा पडला, मग घराच्या दुरुस्तीचा राडारोडा, शेवटी भरावाचे ट्रक आले. पहिल्या पाटीच्या वेळी कोणी काही बोलले नाही, कारण ती एकच पाटी होती. वाड्या आणि पाणी वाचवू पाहणाऱ्या हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले, तेव्हा धर्मगुरूंनी या भानगडीत का पडावे, असे म्हणणारेही होते. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीचा विध्वंस हे पापच असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. विहिरीला खारट पाणी लागले की ते कुणा एकाच्या पापाने लागत नाही. सगळ्या गावाची कसूर त्यात उतरलेली असते.

आणि मग शेजाऱ्याच्या वाडीकडे नजर जाते. त्याच्या कुंपणाखालून लव्हाळा आपल्याकडे येतो, ही तक्रार प्रत्येक वाडीत ऐकू येते. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला शेतमालक यासाठीच मला फार मोठा वाटतो. गव्हात कुणी वैऱ्याने निदण पेरले आहे, ते उपटून टाकू का, असे चाकर विचारतात. तो थांबवतो. ते गवत कोवळेपणी हुबेहूब गव्हासारखे दिसते, ओंबी धरल्यावरच फरक कळतो, आणि तोवर दोघांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. उपटायला जाल तर गहूही येईल. दुसऱ्याच्या आयुष्यात खुरपे घेऊन उतरणाऱ्या धार्मिक माणसांनी या मालकाचे ऐकले असते, तर कितीतरी घरे वाचली असती, कितीतरी मुले देवळापासून दुरावली नसती. कापणीचा दिवस आपल्या हातात दिलेला नाही. आपल्या हातात आपला वाफा आहे.

त्या वाफ्याचे करायचे काय? कडक उन्हाळ्यात खोल खणून गाठी वर आणायच्या आणि उन्हात पडू द्यायच्या. उघड्यावर पडलेली गाठ वाळते, मरते. जमिनीखालच्या अंधारात ती वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. पाप बोलून दाखवण्याचा संस्कार चर्चने का जपला, याचे इतके सरळ उत्तर मला दुसरीकडे मिळाले नाही. पण एवढ्याने भागत नाही. खणून, वेचून, झाडून मोकळी सोडलेली जमीन पहिल्या पावसाबरोबर सगळ्यात आधी तणानेच भरते. येशूने सांगितलेल्या दाखल्यात घरातून निघून गेलेला दुष्ट आत्मा परत येतो, घर झाडलेले, नीटनेटके आणि रिकामे पाहतो, मग आपल्याहून वाईट असे आणखी सात सोबती घेऊन येतो. घर अस्वच्छ नव्हते. ते रिकामे होते.

लव्हाळ्याला सावली सोसत नाही. खुरप्याला दाद न देणारे हे तण केळीची पाने एकमेकींना भिडली की पिवळे पडते, विरळ होते, गाठी लावायचे थांबते. पुरते नाहीसे होत नाही. कुठे ऊन पडले की तिथे पुन्हा डोके काढते, म्हणून खुरपे कायमचे टांगून ठेवता येत नाही. पण वाडी मग त्याची राहत नाही, केळीची होते. कृपेचे काम मला असेच चाललेले दिसते. क्षमा मागायला शिकलेला माणूस, आजारी शेजाऱ्याकडे रोज डबा पोचवणारी बाई, रात्री घरातल्या सगळ्यांसह रोजरी म्हणणारे कुटुंब, यांच्या मनातही हेवा असतोच. त्याला ऊन मिळत नाही, इतकेच.

म्हणून उपवासकाळात काय सोडणार, असे कुणी विचारले की मला प्रश्न अर्धा वाटतो. मांस सोडा, दारू सोडा, निंदा सोडा. अवश्य सोडा. पण वाफा खणायला घेण्याआधी केळीचे चार मुनवे आणून विहिरीच्या कडेला ओल्या गोणपाटात ठेवा.